वहीत न लिहिलेले सहा सामने

माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पुण्याहून अमेरिकेला येताना बॅगेत घातलेली. तिच्यात बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमचे २०११ सालचे सामने लिहिलेत. सामन्याला एक ओळ: तारीख, समोरची टीम, स्कोअर, सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा), आणि जागा उरली तर माझा शेरा. वहीतली बेरीज केली तर रेड सॉक्स त्या वर्षी ९० जिंकले आणि ६६ हरले. खरा आकडा ९०-७२. सहा पराभव वहीत नाहीतच, आणि तो घोटाळा माझा आहे.

मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. माल परत आला की कारणाच्या मागे लागण्याआधी घटनाक्रम लिहायचा, अशी आमच्याकडे शिस्त आहे. कारण काय, ते सगळ्यांनाच लगेच सुचतं. तारखा एकाखाली एक मांडल्या की त्यातली निम्मी कारणं आपोआप गळतात. तो हंगाम शेवटच्या महिन्यात हातचा का गेला, याची मात्र मी कित्येक वर्षं नुसती कारणंच सांगत आलो. पार्टीत सांगितली, गाडीत सांगितली, एकदा तर बारशाला सांगितली. आता तारखा मांडतो.

आधी थोडा हिशेब

बेसबॉलमध्ये एका टीमचे हंगामात १६२ सामने होतात. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. ड्रॉ नावाची गोष्टच नाही; बरोबरी झाली की कोणीतरी हरेपर्यंत जादा इनिंग. २०११ साली अमेरिकन लीगमधून चार टीम पुढे जायच्या: तीन विभागांचे तीन विजेते, आणि उरलेल्यांत सर्वांत जास्त सामने जिंकलेली एक. या चौथ्या जागेला वाइल्ड कार्ड म्हणतात. रेड सॉक्सच्याच विभागात न्यू यॉर्क यँकीज आणि टॅम्पा बे रेज. यँकीज श्रीमंत, आम्हीही श्रीमंत, रेज गरीब. रेड सॉक्सचा पगारखर्च रेजच्या सुमारे चौपट होता.

त्या हिवाळ्यात आमच्या लोकांनी पैसा पाण्यासारखा ओतला. सॅन डिएगोकडून एड्रियन गोन्झालेस आणला, आणि कार्ल क्रॉफर्डला सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाख डॉलर कबूल केले. क्रॉफर्ड आला तो रेजकडून. तिथं तो इतकी वर्षं लेफ्ट फील्डला (मैदानाच्या डाव्या बाजूला) उभा राहिला होता की त्याचं नाव त्या मैदानाच्या भिंतीशी जोडलं गेलं होतं. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही टीम शंभर सामने जिंकणार, असं मार्चमध्ये सगळेच म्हणत होते. मीही म्हणालो होतो.

एप्रिल: मी दुसरीकडे बघत होतो

हंगाम सुरू झाला १ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वानखेडेवर विश्वचषकाची फायनल. आम्ही सहा कुटुंबं पहाटे पाचला एका घरी जमलो. पोहे, चहा, मग परत चहा. धोनीनं षटकार मारला तेव्हा इथं दुपारचा एक वाजून गेला होता. त्यानंतर कोणी घरी गेलंच नाही. त्याच रात्री टेक्ससमध्ये रेड सॉक्स १२-५ असे हरले. कोपऱ्यात टीव्ही चालू होता, आवाज बंद. जॉन लॅकीला चौथ्या इनिंगमध्येच बाहेर काढताना मी उभ्या उभ्या पाहिलं आणि हातातली जिलबी संपवली.

टेक्ससमध्ये तिन्ही हरले, क्लीव्हलंडमध्ये तिन्ही हरले. ०-६. आठ तारखेला घरच्या मैदानावर, फेनवेवर, पहिला सामना झाला आणि यँकीजना ९-६ असं हरवलं. त्या संध्याकाळी मी नवी वही काढली. पहिल्या पानावर वर ‘श्री’ लिहिलं, खाली ‘८ एप्रिल, यँकीज, ९-६, जिंकले.’ आधीच्या सहांसाठी जागाही सोडली नाही. एप्रिलमधला पराभव कोण मोजतो, असं तेव्हा वाटलं. शिवाय नव्या वहीची सुरुवात सहा पराभवांनी कोण करणार?

थोडक्यात, पहिल्या बारांत २-१०. आणि मग टीम जागी झाली.

मधले साडेचार महिने

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, सुखाबद्दल कधीच नसतं. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत ८१-४२. जेकोबी एल्सबरीनं ३२ होम रन (चेंडू थेट कुंपणापलीकडे, क्रिकेटच्या षटकारासारखा) मारले आणि वर ३९ बेस चोरले, म्हणजे फटका नसताना पळत पुढचा टप्पा गाठला. गोन्झालेसची सरासरी .३३८. पूर्ण हंगामात टीमनं ८७५ रन केले, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. जूनमध्ये माझे बाबा इथं आले होते. त्यांनी सोफ्यावर बसून आठवडाभर सामने पाहिले आणि म्हणाले, ‘हे लोक रोज खेळतात, मग सराव कधी करतात?’

वहीतले त्या महिन्यांतले शेरे आता वाचताना अवघडल्यासारखं होतं. ‘सहज.’ ‘सहज.’ ‘पाचव्या इनिंगनंतर झोपलो.’

मधेच दोन ओळी आहेत, ज्यांच्यापुढे काहीच शेरा नाही. एक: डाइसुके मात्सुझाकाच्या कोपराची शस्त्रक्रिया, हंगाम संपला. दुसरी: क्ले बुकहोल्ट्झ, पाठ. जूनच्या मध्यानंतर बुकहोल्ट्झ एकही सामना खेळला नाही. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारे पिचर पाच असतात, पाळीपाळीनं येतात. पाचांतले दोन गेले. तिसरा लॅकी, ज्याचा वर्षाचा आकडा नऊ इनिंगमागे सहाहून जास्त रन असा होता. म्हणजे भरवशाचे उरले दोन: जॉश बेकेट आणि जॉन लेस्टर. ३१ जुलैला एरिक बेडार्डला आणलं आणि आम्ही म्हटलं, झालं काम.

सप्टेंबर

१ सप्टेंबरला गणपती बसले. तीन तारखेला वाइल्ड कार्डच्या शर्यतीत रेड सॉक्स रेजच्या नऊ सामने पुढे. अशा गोष्टींचं गणित मांडणाऱ्यांनी आमची पुढे जायची शक्यता नव्याण्णव टक्क्यांच्या वर काढली होती. माझा शेरा: ‘ऑक्टोबरची तिकिटं बघायला हवीत.’

त्या महिन्यात २७ सामने झाले. ७ जिंकले, २० हरले. सलग दोन सामने एकदाही जिंकले नाहीत.

नऊ ते अकरा सप्टेंबर टॅम्पाला तीन सामने, तिन्ही हरले. अकरा तारखेला अनंत चतुर्दशी होती. दुपारी अंगणात बादलीत विसर्जन केलं, आरती म्हणताना आतून टीव्हीचा आवाज येत होता. बायकोनं नुसतं वळून बघितलं, मी आत जाऊन तो बंद केला. परत लावला तेव्हा ९-१ होतं.

तेरा तारखेला पितृपक्ष लागला आणि त्याच रात्री टिम वेकफील्डनं कारकिर्दीतला दोनशेवा सामना जिंकला. वय ४५, नकलबॉल टाकणारा. हा चेंडू जवळजवळ न फिरता येतो आणि वाटेत कुठंही वळतो. टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं कुठं. १९९ वरून २०० वर जायला त्याला आठवा प्रयत्न लागला होता. रेड सॉक्सनी १८-६ असं जिंकलं. वहीत त्या ओळीवर मी पिवळा हायलाइटर फिरवलाय. सगळ्या सप्टेंबरात पिवळी ओळ तेवढी एकच.

त्या १८-६ कडे नीट बघायला मला पुढे काही वर्षं लागली. सप्टेंबरचे सात विजय काढून बघा: एक १४-०, एक १८-६, एक १८-९. धबाधबा रन केल्याशिवाय टीम क्वचितच जिंकत होती. चार-पाच रन करून जिंकायचे साधे सामने, जे जुलैत रोज जिंकत होतो, तेच आता ५-४, ६-५, ७-५ असे हातचे जात होते. सुरुवातीच्या पिचरांचा त्या महिन्याचा आकडा नऊ इनिंगमागे सातहून जास्त रन असा झाला. बेकेट आणि लेस्टरसुद्धा ढेपाळले. आठवी इनिंग सांभाळणारा डॅनियल बार्ड ऑगस्टपर्यंत दगडासारखा होता. एकट्या सप्टेंबरात चार पराभव त्याच्या नावावर लागले.

रेजवरची आघाडी: गणपतीत नऊ, अनंत चतुर्दशीला साडेतीन, सर्वपित्री अमावास्येला शून्य.

वीस तारीख, फेनवे

त्या महिन्यात मी एकदाच मैदानावर गेलो. मंगळवार, २० सप्टेंबर, समोर बाल्टिमोर ओरिओल्स. विभागात तळाला बसलेली टीम. बरोबर शेजारचे एक गृहस्थ होते, सत्तरी ओलांडलेले, जन्म बॉस्टनच्या डॉर्चेस्टरचा. १९७८ मध्ये याच मैदानावर यँकीजच्या बकी डेंटनं होम रन मारला तेव्हा ते इथं हजर होते. त्या वर्षीही आम्ही जुलैत चौदा सामने पुढे होतो आणि शेवटी एका सामन्यावर आलं होतं. ते मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसतात, शिसपेन्सिलीनं प्रत्येक चेंडूची नोंद करतात. स्ट्राइकआऊटला (तीन चेंडू हुकले, म्हणजे तीन स्ट्राइक झाले की आऊट) इंग्रजी के, आणि बॅट न हलवता नुसतं बघत उभा राहून आऊट झाला तर उलटा के. मी वही ठेवायला लागलो ती त्यांचं बघूनच, पण माझी वही आळशी माणसाची.

फेनवेच्या लेफ्ट फील्डला ३७ फुटांची हिरवी भिंत आहे. तिच्या पोटात अजून हातानं चालवायचा स्कोअरबोर्ड आहे. आत माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या बदलतात. त्याच बोर्डावर विभागाचा तक्ता असतो, कोण किती सामने मागे ते. त्या संध्याकाळी मी चेंडूपेक्षा तो तक्ताच जास्त बघत होतो. परीक्षेच्या निकालाच्या फळ्याकडे बघावं तसा.

आठव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे पाहुण्या टीमच्या बॅटिंगला, आम्ही एका रननं पुढे होतो. बार्डला जमेना, मॅनेजर टेरी फ्रँकोनानं नेहमीच्या वेळेआधीच जोनाथन पॅपलबॉनला बोलावलं. पॅपलबॉन आमचा क्लोजर, शेवटचं कुलूप लावणारा. बेस भरलेले, म्हणजे तिन्ही बेसवर त्यांची माणसं. समोर ओरिओल्सचा रॉबर्ट अँडिनो, ज्याचं नाव मी तोपर्यंत कधी नीट वाचलंही नव्हतं. त्यानं डबल (दोन बेसचा फटका) मारला, तिघं फेरी पूर्ण करून घरी आले, म्हणजे तीन रन. ७-५.

फेनवेवर आठव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान एक गाणं म्हणतं. रोज, जिंको वा हरो. अँडिनोच्या डबलनंतर काही मिनिटांतच ते लागलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा आधी दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. गाणं लागलं तसा तो उठला आणि हात वर करून म्हणायला लागला, चेहरा तसाच ठेवून. मीही म्हटलं. शेजारचे गृहस्थ मात्र स्कोअरबुकात पेन्सिल धरून बसले होते. म्हणाले, या गाण्याला वेळ कळत नाही.

परतताना गाडीत ते बोलले नाहीत. घरापाशी उतरताना एवढंच म्हणाले की अँडिनोचं स्पेलिंग त्यांनी चुकीचं लिहिलंय, उद्या दुरुस्त करतील.

अठ्ठावीस तारीख

बुधवार, घटस्थापना. सकाळी कामावर जाण्याआधी बायकोनं बैठकीच्या कोपऱ्यात घट बसवला. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये माती, त्यात गहू, वर कलश, नारळ, झेंडूची पहिली माळ. बाजूला नंदादीप. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही, आणि छतावर स्मोक अलार्म. त्यामुळे दिव्याकडे कोणीतरी लक्ष ठेवायचं, आणि त्या रात्री ते काम माझ्याकडे होतं. टीव्हीही त्याच खोलीत.

हिशेब असा होता. १६१ सामन्यांनंतर रेड सॉक्स आणि रेज बरोबरीत. आम्ही बाल्टिमोरला, समोर पुन्हा ओरिओल्स. रेज टॅम्पाला, समोर यँकीज. दोघं जिंकले किंवा दोघं हरले तर दुसऱ्या दिवशी आमची आपसात निकालाची लढत. एक जिंकला आणि एक हरला तर तिथंच संपलं.

लेस्टर तीनच दिवसांच्या विश्रांतीवर आला होता, तरी सहा इनिंग नेटानं काढल्या. जे. जे. हार्डीनं होम रन मारून ओरिओल्सना पुढे नेलं, आम्ही बरोबरी केली, आणि पाचव्या इनिंगमध्ये डस्टिन पेड्रोयाचा होम रन. ३-२. सातव्या इनिंगमध्ये पाऊस आला. तासभराहून जास्त खेळ थांबला. तिकडे यँकीज ७-० नं पुढे. मी दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली आणि निवांत बसलो. अगदीच वाईट झालं तरी उद्या एक सामना आहेच, हा तेव्हाचा विचार.

यँकीजनी विभाग आधीच खिशात घातला होता, चांगले पिचर पुढच्या फेरीसाठी राखून ठेवले होते. आठव्या इनिंगमध्ये रेजनी सहा रन काढले. ७-६. नवव्यात दोन आऊट, दोन स्ट्राइक, आणि बॅट हातात घेऊन आलेला माणूस डॅन जॉन्सन, ज्याची त्या वर्षाची सरासरी .१०८. म्हणजे नऊ-दहा वेळा उभा राहिला तर एकदा चेंडू लागायचा. तो एकदा त्या वेळी लागला. बरोबरी.

बायको झोपायला जाताना म्हणाली, ‘दिव्याकडे बघ, नुसता टीव्हीकडे नको.’

बाल्टिमोरला आठव्या इनिंगमध्ये क्रॉफर्डनं डबल मारला. पहिल्या बेसवरून निघालेला मार्को स्कुटारो मधे क्षणभर थबकला आणि घरी पोचता पोचता आऊट झाला. तो एक रन मिळाला असता तर, हे वाक्य माझ्या तोंडून शेकड्यांनी वेळा निघालंय. नवव्यात पॅपलबॉन आला. आदल्या रात्रीही त्यालाच टाकावं लागलं होतं. आठ इनिंगनंतर पुढे असताना रेड सॉक्स त्या वर्षी ७७ पैकी ७७ वेळा जिंकले होते. पहिले दोघं स्ट्राइकआऊट. मग ख्रिस डेव्हिसचा डबल. नोलन रायमोल्डवर दोन स्ट्राइक, एक बाकी. त्यानं उजव्या मध्यात असा मारला की चेंडू टप्पा खाऊन कुंपणापलीकडे. डबल, ३-३. मग पुन्हा अँडिनो.

अँडिनोचा फटका लेफ्ट फील्डच्या पुढ्यात गेला. क्रॉफर्ड धावत आला, घसरला, चेंडू हातमोज्याशी आला आणि सुटला. फेक घरापर्यंत पोचेतो रायमोल्ड पोचला होता. ४-३. घड्याळात १२ वाजून २ मिनिटं.

तिकडे अजून चालू होतं, बाराव्या इनिंगमध्ये. मी चॅनेल बदललं. १२ वाजून ५ मिनिटांनी रेजच्या इव्हान लाँगोरियानं लेफ्ट फील्डच्या अगदी कोपऱ्यात, खांबालगत एक सपाट फटका मारला आणि तो जेमतेम भिंतीवरून गेला. ८-७.

ती भिंत त्या कोपऱ्यात मुद्दाम ठेंगणी केलेली आहे. २००७ मध्ये रेजनी तिथला तुकडा कापून खाली आणला, का, तर आपला लेफ्ट फील्डर उडी मारून होम रन पकडू शकेल म्हणून. तो लेफ्ट फील्डर म्हणजे कार्ल क्रॉफर्ड. त्या रात्री भिंत टॅम्पाला होती आणि क्रॉफर्ड बाल्टिमोरला, आमच्या पैशानं. ही गोष्ट कोणी रचून सांगितली असती तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

दिवा चालू होता. सव्वाबाराच्या सुमाराला फोन वाजला, पुण्याहून बाबा. तिकडे गुरुवारची सकाळ झालेली, त्यांनी कुठूनतरी स्कोअर बघितला होता.

‘अरे, तुम्ही नऊ सामने पुढे होतात ना?’

‘होतो. वीस हरलो.’

‘एवढे? मग एखादा ड्रॉ करायचा होता.’

‘बाबा, इथं ड्रॉ नसतो.’

‘नसतो?’ बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ‘मग अवघड आहे रे.’

कारणं

दोन दिवसांनी फ्रँकोना गेला. २००४ आणि २००७ चे दोन विश्वविजय ज्याच्या हाताखाली झाले तो माणूस. ऑक्टोबरमध्ये जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन शिकागो कब्जकडे गेला. आणि त्याच महिन्यात बॉस्टनच्या वर्तमानपत्रात ती प्रसिद्ध बातमी आली: ज्या दिवशी पाळी नसेल त्या दिवशी काही पिचर सामना चालू असताना आत बसून बिअर पितात आणि तळलेलं चिकन खातात.

बॉस्टनला जे हवं होतं ते मिळालं. थँक्सगिव्हिंगपर्यंत शहरात दुसरा विषय नव्हता. मीही त्यात होतो. आमच्या मराठी मंडळींत मला कोणी विचारलं, ‘तुमचं काय झालं रे यंदा?’ की मी म्हणायचो, ‘चिकन!’ आणि सगळे हसायचे. सोपं होतं. कोणावर तरी रागावता येत होतं, आणि तो माणूस कोट्यवधी डॉलर घेऊन पाय पसरून बसलेला डोळ्यांसमोर आणता येत होता.

पण तारखा मांडल्या की हे कारण टिकत नाही. हेच पिचर, हीच खोली, आणि जुलैत ८१-४२ चा सपाटा चालू होता. तेव्हा कोणी काय खातं याची बातमी झाली नाही. वागणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे लाइन चालू असताना कोणी असं बसला तर मी त्याला घरी पाठवीन. पण परत आलेल्या मालाच्या रिपोर्टवर मी ‘ऑपरेटर चहा पीत होता’ असं लिहिलं, तर माझा साहेब तो कागद माझ्या तोंडावर फेकेल.

मला दिसतं ते असं. गोदामात माल भरपूर असला की मशीन बिघडलेलं कळत नाही. ट्रक वेळेवर निघतात, गिऱ्हाईक खूश असतं, आणि इकडे मशीन दिवसातून चार तास बंद. पिचिंगचं मशीन जूनमध्येच बंद पडलं होतं. ८७५ रन आणि नऊ सामन्यांची आघाडी हे गोदाम. बॅट चालत होत्या तोवर ट्रक निघत राहिले. बेडार्ड आणला ती डागडुजी झाली, नवे पोरगे पिचर आणून उभे केले ती त्याहून तात्पुरती. सप्टेंबरमध्ये बेकेट-लेस्टर दमले आणि गोदाम रिकामं व्हायला लागलं. म्हणून बाहेरून वाटलं, अचानक कोसळलं. त्यात अचानक काहीच नव्हतं. माझ्या वहीत बुकहोल्ट्झच्या नावापुढची जागा कोरी आहे, तिथंच ते लिहिलेलं असायला हवं होतं. त्या आठवड्याचा माझा शेरा आहे, ‘सहज.’

चाहत्याचा आणखी एक रोग म्हणजे मधली टीम हीच खरी मानायची. २-१० म्हणजे अपघात, ७-२० म्हणजे अपघात, ८१-४२ तेवढे आपण. पण वर्ष संपल्यावर हिशेब तिन्ही टीमचा मिळून होतो.

यावर मी स्वतःला जी सूट देत होतो तीही सांगतो. शेवटी कमी पडला एकच सामना: रेज ९१-७१, आम्ही ९०-७२. मग त्या सहांतला एक जरी जिंकला असता! वानखेडेच्या रात्रीचा तो १२-५ सुद्धा चालला असता. हे मी बरीच वर्षं घोकलं, स्वतःला दोष द्यायची एक चैन असते तशी. मग एकदा रेजचं एप्रिल काढून बघितलं. त्यांचीही सुरुवात ०-६ अशीच. दोघांचेही पहिले सहा वगळले तरी फरक तोच, एक सामन्याचा. म्हणजे माझ्या वहीतल्या चोरीनं काहीच बदललं नाही. ते समजल्यावर हलकं वाटायला हवं होतं, तसं काही झालं नाही.

२०१२ मध्ये नियम बदलला, प्रत्येक लीगला दोन वाइल्ड कार्ड झाली. हा बदल एक वर्ष आधी झाला असता तर रेड सॉक्सना निदान आणखी एक सामना मिळाला असता.

पुढे

२०१२ मध्ये टीम ६९-९३ झाली. ऑगस्टमध्ये बेकेट, गोन्झालेस, क्रॉफर्ड यांना एकाच व्यवहारात लॉस एंजेलिसला पाठवलं. २०१३ मध्ये जिंकलो, पण ते वर्ष वेगळं होतं. मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतरच्या त्या उन्हाळ्याबद्दल असं मधेच लिहिता येणार नाही.

शेजारच्या गृहस्थांचं २८ सप्टेंबरचं स्कोअरबुक मी नंतर पाहिलं. त्यांनी सामना शेवटपर्यंत लिहिला होता. अँडिनोच्या चौकटीत डावीकडे जाणारी रेघ, एकेरी बेसची खूण, आणि रायमोल्डच्या चौकटीत रनचा भरलेला चौकोन. स्पेलिंग बरोबर. मी विचारलं, हात थरथरला नाही का? ते म्हणाले की १९७८ ला तेही लिहायचं थांबले होते, आणि बकी डेंटनंतर काय काय झालं ते त्यांना पुढे दुसऱ्याला विचारावं लागलं.

५ एप्रिल २०१२ ला मी नवी वही काढली. डेट्रॉइटला पहिला सामना, नवव्या इनिंगमध्ये ३-२ असे हरले. वर ‘श्री’ लिहिलं आणि खाली ती ओळ.